पिशवी काढायचा मुहूर्त

गर्भाशय हे सृष्टीचं मूलस्थान आहे. संस्कृतीचा पहिला श्वास तिथेच घेतला जातो आणि मानवतेचं भवितव्य तिथेच आकाराला येतं. हे वाक्य माझं नाही. धारवाडच्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवत होते, तिथे महिला दिनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांचं आहे. ते म्हणताना त्यांनी हात उंचावून छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं, कारण मूलस्थान प्रत्यक्षात कुठे असतं हे व्यासपीठावरून दाखवायची सोय नव्हती. टाळ्या झाल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या मूलस्थानातून त्या वेळी इतकं रक्त जात होतं की राष्ट्रगीताला उठून उभं राहावं की नाही, हा माझ्यापुढचा एकमेव राष्ट्रीय प्रश्न होता.

उठले. साडी गडद जांभळी होती आणि पदर मागून पुढे ओढून घेतला होता. पन्नाशीकडे आलेल्या बायका एकाएकी गडद रंग का नेसायला लागतात, याची चर्चा आमच्या स्टाफरूममध्ये कधी झाली नाही, कारण तिथे सगळ्याच गडद नेसून बसलेल्या असायच्या.

या अवयवाची आणि माझी ओळख जुनी, पण ती रीतसर कुणी करून दिली नाही. माझं बालपण धारवाडचं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, वडील सरकारी कचेरीत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि असल्या विषयांवर दोन्ही भाषांत मौन. मला पहिल्यांदा पाळी आली त्या दिवशी आईने एक जुनं पातळ फाडून घड्या करून दिल्या, त्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, आणि ‘आता पेरूच्या झाडावर चढायचं नाही’ एवढं बोलून ती वह्या तपासायला बसली. पेरूचा यात काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बातमी भिंतीपलीकडे कशी गेली कोण जाणे. शेजारच्या काकू कन्नड, आणि त्यांच्याकडे हा प्रसंग लपवायचा नसतो, साजरा करायचा असतो. दोन-चार दिवसांनी त्या गल्लीतल्या बायकांना घेऊन आल्या. ‘दोड्डाकी आदळ, दोड्डाकी आदळ,’ म्हणजे मोठी झाली, मोठी झाली, असं म्हणत त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, ओटीत नारळ घातला आणि आरती ओवाळायला घेतली. आई कोपऱ्यात अशी उभी होती की जणू शाळेवर अचानक तपासणी आली आहे. त्याच आठवड्यात परीक्षेचा निकाल लागला होता आणि माझा वर्गात दुसरा नंबर आला होता. मला वाटलं, सत्कार त्याचाच. मी उभी राहिले आणि नम्रपणे म्हणाले, ‘पुढच्या वेळी पहिली येईन.’

काकूंना आरतीचं ताट खाली ठेवावं लागलं. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, ‘बस गं बाई बस. यात पहिली-दुसरी नसते. सगळ्या पास होतात.’

पुढे शास्त्राच्या पुस्तकात त्याचं चित्र आलं. बाईंनी ते फळ्यावर काढलं नाही. ‘आकृती बघून घ्या’ म्हणाल्या आणि घाईघाईने वनस्पतींच्या धड्याकडे वळल्या. आकृतीत मधोमध एक लांबट तोंड होतं आणि दोन्ही बाजूंनी वर जाऊन वळलेल्या नळ्या. माझ्या शेजारी अळणावरकडच्या शेतकऱ्याची मुलगी बसायची. तिने पुस्तक आडवं-उभं धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘बैल आहे की हा!’ खरोखरच बैल होता. मातीच्या बैलांच्या अमावास्येला आम्ही करायचो तसाच, शिंगांसकट. आजही दवाखान्याच्या भिंतीवर ते रंगीत चित्र दिसलं की मला आधी बैल दिसतो, आणि मग मी तपासायला कशासाठी आले आहे ते आठवतं.

लग्न होऊन मी हुबळीला आले. कमरीपेठेच्या मागच्या बाजूला सासरचं घर. नवरा वकील. घरात सासूबाई, ज्यांना आम्ही सुना आत्याबाई म्हणतो. थोरले दीर, जे फारसं बोलत नाहीत. आणि थोरली जाऊ, जिला आख्खी गल्ली अक्का म्हणते. पहिल्या दोन वर्षांत आत्याबाई दर महिन्याला स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हळूच विचारायच्या, ‘झालं का गं?’ मी ‘झालं’ म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा, कारण त्यांना नातवंड हवं होतं.

मग एकदा ‘नाही झालं’ म्हणाले आणि घरादाराचा नूर पालटला. सातव्या महिन्यात आमच्या पद्धतीने डोहाळजेवण झालं आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या पद्धतीने कुबस केलं; दोन्हीकडे मला सजवून बसवलं, ओवाळलं आणि इतकं जेवायला घातलं की आतल्या बाळाला पाय लांब करायला जागा राहिली नसावी. त्या काळात हा अवयव तुमचा उरत नाही, सामायिक होतो. भाजीवाली पोटाकडे बघून मुलगा सांगायची, रिक्षावाला मुलगी. मुलगी झाली. त्यानंतर सहा आठवडे मी डिंकाचे लाडू खाल्ले. इथे त्यांना अंटिन उंडी म्हणतात आणि त्यांचा उपयोग बाळंतिणीची कंबर भरून काढण्यासाठी असतो. माझी कंबर अजूनही भरलेली आहे.

मग वीसेक वर्षं कुणी काही विचारलं नाही. मी अठ्ठेचाळीस वर्षांची झाले, आणि एका सकाळी त्याच दारात, त्याच हळू आवाजात पुन्हा प्रश्न आला, ‘झालं का गं?’ मी म्हणाले, ‘झालं.’ आत्याबाईंचा चेहरा पूर्वीइतकाच उतरला. या वेळी त्यांना नातवंड नको होतं. त्यांना नवरात्रासाठी स्वयंपाकीण हवी होती.

हे जरा समजावून सांगावं लागेल. आमच्या घरी देवीचं नवरात्र असतं. घट बसतात, दिवा अखंड तेवतो, आणि नऊही दिवस सोवळ्यात नैवेद्य होतो, अष्टमीला पुरणाचा. बाकीचे नियम काळाबरोबर आटले होते. मी लग्न होऊन आले तेव्हा पाळीचे तीन दिवस वेगळं बसायचं असे. नंतर ते एका दिवसावर आलं, आणि मी नोकरीला लागल्यावर फक्त देवघरापुरतं राहिलं, कारण वेगळी बसलेली सून बस पकडून धारवाडला जाते आणि तिथे शंभर पोरांना शिवते, हे आत्याबाईंच्या ध्यानात आलं होतं. पण नवरात्र मात्र हललं नाही. फार पूर्वी एकदा ऐन अष्टमीला पुरण घोटता घोटता घरातली एक सून बाहेरची झाली होती म्हणे, आणि सगळा स्वयंपाक पुन्हा करावा लागला होता. तेव्हापासून या घराचा कायदा असा की नवरात्राच्या चुलीपुढे जी पाळीतून मोकळी झाली तीच बसेल. धोका पत्करायचा नाही.

त्यामुळे आमच्या घरात पाळी जाणं म्हणजे बढती. इतरत्र बायका त्याबद्दल कुजबुजत बोलतात. आमच्याकडे त्याने सोवळ्याच्या पातळाचा आणि मोठ्या पितळी पातेल्याचा ताबा मिळतो. अक्का खूप वर्षं या पदावर होत्या आणि त्यांनी ते पद उपभोगलं. त्या नऊ दिवसांत थोरले दीरसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरून पाणी मागायचे.

मग एका उन्हाळ्यात अक्का न्हाणीघराच्या पायरीवर साध्याच घसरल्या, हात टेकला, आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी हातात ताकद येईना; त्या वर्षीचं नवरात्र त्यांनी कसंबसं एका हाताने निभावलं. आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या, हात थरथरणारे. वारस म्हणून उरले मी, आणि माझी पात्रता अजून सिद्ध व्हायची होती.

पात्रता काही सिद्ध होईना. या वयात पाळीचा कारभार जुन्या सरकारी कचेरीसारखा होतो. कधी चार महिने दार बंद, आत कुणी आहे की नाही तेही कळत नाही. आणि तुम्ही आशा सोडली की एकाच दिवसात सगळी थकबाकी. घर हुरळून जायचं आणि पुन्हा खचायचं. एकदा तर पाच महिने काहीच झालं नाही. आत्याबाईंनी सोवळ्याचं पातळ ट्रंकेतून काढून उन्हात टाकलं. ते वाळायच्या आत पाळी आली.

मधूनमधून अंगात वाफ उठायची. आतून कुणीतरी बंब पेटवल्यासारखं व्हायचं, मानेवरून घाम उतरायचा, आणि दोन मिनिटांत सगळं शांत. एकदा वर्गात पेशव्यांचा ऱ्हास शिकवताना असं झालं आणि मी खडू ठेवून खिडकीशी गेले. पोरांना वाटलं, बाईंना इतिहास फार लागतो.

पण खरा त्रास रक्ताचा होता. महिला दिनाचा तो प्रसंग झाला, त्यानंतर जिना चढताना धाप लागायला लागली. तपासलं तेव्हा अंगात रक्त कमी निघालं आणि गर्भाशयात गाठ. हुबळीतल्या एका मोठ्या सर्जनकडे गेलो. ते कागद बघत होते, माझ्याकडे नाही.

‘मुलं किती?’ त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

‘एक मुलगी. बेंगळूरूला नोकरी करते.’

‘म्हणजे काम झालंय. मग ठेवून काय करायचंय? पिशवी काढून टाकू. बाजूची अंडाशयंही काढू, पुढची काळजी मिटते.’

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे सगळे पिशवीच म्हणतात, आणि शब्दामुळे काम सोपं होतं. मूलस्थान काढा असं कुणी कुणाला सांगू शकणार नाही. पिशवी काय, खुंटीवरून काढली.

घरी आम्ही सांगितलं तेव्हा माझ्या तब्येतीची काळजी सगळ्यांनाच वाटली. ती खोटी नव्हती. पण काळजी करून झाल्यावर प्रत्येक जण हिशेब करताना मला दिसला.

‘श्रावणात केलं तर?’ आत्याबाई म्हणाल्या. ‘नवरात्रापर्यंत उभी राहील की.’

‘कोर्टाला सुट्टी केव्हा आहे बघतो,’ नवरा म्हणाला.

‘अमावास्या टाळा म्हणावं.’

पंचांग खाली आलं. माझ्या पोटातल्या अवयवाचा मुहूर्त पाहिला जात होता आणि मी सगळ्यांना चहा देत होते. ‘विचार कर हं,’ नवरा मला म्हणाला, ‘निर्णय तुझाच.’ वकील माणूस निकाल लागल्यावर अशिलाला जसं सांगतो तसं.

खरं सांगायचं तर मला फारशी हरकत नव्हती. मी दमले होते. त्या अवयवाबद्दल मला प्रेम कधीच नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या भाडेकरूबद्दल वाटतं तेवढंच काय ते. जाईल तर जावो. पण माझं काय काढायचं हे माझ्या अंगाकडे बघून ठरतंय की पातेल्याकडे बघून, एवढं मला कळून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेंगा निवडत बसले होते. अक्का समोर खुर्चीवर. त्या एका हाताने रबराचा चेंडू दाबत होत्या. डॉक्टरांनी मनगटासाठी व्यायाम दिला होता आणि त्या तो असा करायच्या की चेंडूने त्यांचं काही वाकडं केलं असावं.

‘अक्का,’ मी म्हटलं, ‘तुमची पाळी गेली तेव्हा तुम्हालाही इतका त्रास झाला का हो?’

‘माझी कुठे गेली? नेली.’

मला कळलं नाही.

‘मी पण पिशवी काढलेलीच आहे की. तुला ठाऊक नाही? तू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होतीस. पोटात दुखायचं जरा. आत्याबाईंचे हात तेव्हापासूनच थरथरत होते. नवरात्राचं कोण बघणार, म्हणून ठरलं.’

‘वय काय होतं तुमचं?’

‘चाळिशीसुद्धा नव्हती गं.’ चेंडू दाबला. ‘डॉक्टरांनी विचारलं, बाजूचं ठेवायचं की काढायचं? हे म्हणाले, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. भिंत पाडली की माणूस कोनाडा ठेवतो का?’

‘आणि तुम्ही काय म्हणालात?’

‘मला कोण विचारतंय? मी आत झोपले होते, टेबलावर.’ मग जरा हसून म्हणाल्या, ‘पुढे वर्षभर अंगाची अशी भट्टी व्हायची की पौषात गच्चीत झोपावंसं वाटायचं. बायका म्हणायच्या, देवीचा संचार आहे. मी म्हटलं, असू दे. तेवढाच मान.’

अक्कांना पदावर बघायची मला इतकी सवय झाली होती की ते त्यांना कसं मिळालं हे विचारावं, असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी धारवाडला कॉलेज सुटल्यावर एकटीच दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. या डॉक्टरीणबाई. भिंतीवर बैल होताच. त्यांनी कागद नंतर पाहिले. आधी मला झोपवून तपासलं, आतल्या अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवला, आणि तो निर्धोक आल्यावर दुसऱ्या खेपेला मला समोर बसवून बोलल्या. अर्धं मराठी, अर्धं कन्नड.

‘नोडरी मॅडम, हे बघा, काहींची काढावीच लागते. तुमची लागेल असं मला आज वाटत नाही. गाठ रक्तावर आणि पाळीच्या हार्मोनवर वाढते. पाळी गेली की तिचं खाणं बंद. आपोआप आक्रसते. तोवर रक्त कमी जायला गोळ्या, अंगात रक्त भरायला लोहाच्या गोळ्या. दर सहा महिन्यांनी बघू. त्रास वाढला, तर काढायचं बोलू. तुम्ही आणि मी.’

‘आणि अंडाशयं? ती पण आता रिकामीच ना?’

‘रिटायर झालेल्या माणसाला घराबाहेर काढतात का?’ त्या म्हणाल्या. ‘पाळी थांबेपर्यंत हाडं तीच सांभाळतात. फार लवकर काढली तर हाडं ठिसूळ होतात. साधं पडलं तरी मोडतात.’

‘मनगट?’ मी विचारलं.

‘बहुतेकदा मनगटापासूनच सुरुवात होते. का? तुमचं दुखतंय?’

‘माझं नाही,’ मी म्हणाले, आणि अक्कांसाठी पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन बसमध्ये बसले.

रविवारी जेवणानंतर सगळे माजघरात असताना मी सांगून टाकलं की ऑपरेशन करायचं नाही. कारणं सांगितली. अक्कांच्या हाडांचं सांगितलं. थोरल्या दिरांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. नवऱ्याने दोन-तीन मुद्दे काढले. मी उत्तरं दिली. त्याला उत्तरं पटली की नाही ते कळलं नाही, पण त्याचे मुद्दे संपले.

‘मग नवरात्राचं काय?’ आत्याबाईंनी विचारलं.

त्यांच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. बाकीचे सगळे हाच प्रश्न मनात धरून बसले होते. त्यांनी तो तोंडाने विचारला.

‘आत्याबाई,’ मी म्हटलं, ‘या घरात एक माणूस आहे. हातपाय धडधाकट आहेत. तास-तासभर उभं राहू शकतं. आणि त्याला जन्मात कधी विटाळ आलेला नाही.’

अक्कांना सगळ्यात आधी कळलं. चेंडू हातातून सुटून पाटाखाली गेला. ‘अगबाई! भाऊजी!’

‘कोण? मी?’ नवरा म्हणाला.

‘मुंज झालीय ना तुमची?’ मी विचारलं.

‘झालीय. पण त्याचा इथे काय संबंध—’

‘सोवळं नेसता येतं?’

‘ते येतं. पण नैवेद्याचा स्वयंपाक हे परंपरेने स्त्रियांचं क्षेत्र आहे. शास्त्रात—’

‘मठात कोण करतं रे?’ आत्याबाईंनी मध्येच विचारलं.

नवरा थांबला. साक्षीदार आपलाच असताना उलटला की तो असा थांबतो. ‘मठाचं वेगळं, आई.’

‘काय वेगळं? आचारी सगळे बाप्येच की. ओल्या पंच्याने करतात. मी जन्मभर तिथलं जेवले. देवाला चालतं, स्वामींना चालतं, तुझं काय जातंय?’

‘मला पुरण येत नाही!’

‘हिला तरी लग्नात कुठे येत होतं?’

वर्तमानपत्रामागून थोरले दीर हसल्याचा आवाज आला. त्यांच्याकडे सगळ्यांनी एकदम बघितलं तेव्हा त्यांना आपली चूक कळली. वाटण-घाटण आणि पाणी भरणं त्यांच्याकडे आलं.

असं त्या वर्षी नवरात्र झालं. अष्टमीला पहाटे नवरा अंघोळ करून ओल्या धोतराने चुलीपुढे उभा राहिला, जसा तो नव्या न्यायाधीशापुढे उभा राहतो. अक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पद गेलं तरी आवाज गेला नव्हता.

‘घोटा, भाऊजी, घोटा. वरवर नाही, बुडापासून.’

‘वहिनी, हात दुखायला लागला.’

‘मग काय पुढची तारीख मागता? पुरण करपतंय!’

करपलंच. पोळ्या फाटल्या. एका पोळीचा आकार जुन्या म्हैसूर संस्थानासारखा झाला होता. नैवेद्य दाखवला, आरती झाली, आणि देवीने कोणताही आक्षेप नोंदवला नाही. आत्याबाईंनी करपलेला भाग बाजूला काढून ठेवत बाकी सगळी पोळी खाल्ली आणि म्हणाल्या, ‘वेलदोडा बरा आहे.’ नवरा तीन दिवस तेवढ्यावर जगला.

पुढच्या वर्षी पुरण जमलं. तिसऱ्या वर्षी तो बाररूममध्ये त्यावर बोलायला लागला. पुरणाला डाळीपेक्षा संयम लागतो, असं त्याने एका ज्येष्ठ वकिलांना सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. अक्कांना हाडांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या घ्यायची आठवण थोरले दीर करतात, न बोलता, गोळी आणि पाणी समोर ठेवून.

माझी पाळी एकदाची गेली. केव्हा, ते नक्की सांगता येत नाही. ही एकच घटना अशी की ती घडते तेव्हा घडली हे कळत नाही. पुढे वर्षभर काही झालं नाही की मागे वळून म्हणायचं, अच्छा, ती शेवटची होती. निरोप नाही, ओवाळणी नाही, गल्लीतल्या बायका नाहीत. मी घरात सांगितलं तेव्हा आत्याबाई पंचाऐंशीच्या पुढे होत्या. त्यांनी सोवळ्याचं पातळ काढायला सांगितलं, आणि मग आठवून नवऱ्याकडे बघितलं.

‘तशी गरज नाही,’ नवरा म्हणाला. ‘मला आता हात बसलाय. मध्येच माणूस बदलला तर चव बदलते.’

मी आग्रह केला नाही.

गेल्या वर्षी, निवृत्त झाल्यावर, माझी पाठ दुखायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी कंबरेचा एक्स-रे काढायला सांगितला. गोकुळ रोडवरच्या सेंटरमध्ये मला गाऊन घालून टेबलावर झोपवलं. फोटो काढणारा मिशीवाला गृहस्थ आत जाऊन पडद्यावर बघून परत आला.

‘बाई, परकराच्या नाडीला किल्ली बांधलेली राहिलीय काय? काढून ठेवा.’

‘किल्ली नाही,’ मी म्हटलं. ‘ती माझी जुनी गाठ आहे. वाळलीय. तिच्यात चुना साचलाय.’

तो पुन्हा आत गेला, पुन्हा बघून आला. ‘हौदरी, खरंच की,’ म्हणाला, ‘गाठच आहे.’ डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, गाठ ओलांडून मणके बघितले, आणि मला गादी बदलायला सांगितली.